वाळक्या फांद्या शोधणारी

"दिसते ना भाऊ, पण भेटत नाही," असं म्हणून ती फळ्यावरच्या एका ओळीवर अंगठा ठेवायची. ती ओळ झाकून, एक डोळा बारीक करून बाकीच्या फळ्याकडे पाहायची. मग अंगठा उचलून पुढची ओळ झाकायची. हे तासभर चालायचं आणि तेवढा वेळ तिच्याशी कोणी बोललेलं तिला ऐकू यायचं नाही.

आमच्या ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. साहेब ताई म्हणायचे, आणि मी तिच्या बापाच्या वयाला टेकलेला माणूस, मीही ताईच म्हणायचो. बुलढाण्याला चिखली रोडवर एका टायरच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. ठिबक सिंचनाला आपोआप पाणी सोडणाऱ्या पेट्या आम्ही तिथं बनवायचो. पेटीतलं सॉफ्टवेअर ठरल्या वेळी व्हॉल्व्ह उघडायचं, बंद करायचं, खत सोडायचं आणि मालकाच्या मोबाइलवर निरोप धाडायचं. गावोगाव फिरून त्या पेट्या बसवणं हे माझं काम. ताईचं काम काय, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

सॉफ्टवेअर एकच, पण पेट्या नाना तऱ्हेच्या. संत्र्याच्या बागेला वेगळी, शेडनेटमधल्या मिरचीला वेगळी, विहीर एकीकडे आणि वावर दुसरीकडे असेल त्याला आणखी वेगळी. दर गिऱ्हाइकाला नवं सॉफ्टवेअर लिहीत बसलो असतो तर साहेबांना टायरच विकावे लागले असते. म्हणून सगळ्या सोयींची मिळून एक आकृती केलेली होती. पुस्तकात तिला फीचर मॉडेल म्हणतात, आम्ही झाड म्हणायचो. झाड उलटं, बुंधा वर आणि फांद्या खाली. काही फांद्या घ्याव्याच लागतात, काही मर्जीच्या, काहींत दोहोंतली एकच, म्हणजे लाइनची वीज नाही तर सोलर. बाजूला नियमांच्या ओळी असायच्या. हे घेतलं तर तेही घ्या, ते घेतलं तर हे मिळणार नाही. शेतकऱ्यानं मोबाइलवर फांद्या निवडायच्या आणि आम्ही तशी पेटी द्यायची.

या झाडातल्या खोडी शोधणं हे ताईचं काम. झाडात कसली आली खोड, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो होतो. तेव्हा तिनं मला खुर्चीवर बसवून शिकवलं. एक असते खोटी मर्जी. फांदीवर लिहिलेलं असतं की तुमच्या मर्जीची, पण नियम असे गुंतलेले असतात की ती प्रत्येक पेटीत येतेच. "पंगतीत 'पोळी वाढू का' विचारतात अन् पोळी ताटात पडलेली असते, तसं," ती म्हणाली. दुसरी वाळकी फांदी. ती झाडावर दिसते, तिच्यावर बोटही ठेवता येतं, पण ती कोणत्याच पेटीत येऊ शकत नाही. तिसरी खोड सगळ्यात वाईट. झाड वरून हिरवंगार, पण सगळे नियम पाळून एकसुद्धा पेटी बनत नाही. साहेब त्याला वांझोटं झाड म्हणायचे. ताई एकदा शांतपणे म्हणाली, "सर, तो शब्द नका वापरू. उभं वाळलेलं म्हणा." साहेब त्या दिवसापासून उभं वाळलेलंच म्हणू लागले.

कॉम्प्युटरवर तपासणारा एक प्रोग्राम होता. अमुक फांदी वाळली, एवढं तो सांगायचा. काऊन, म्हणजे का वाळली, ते सांगत नसे. तिथून पुढचं काम ताईच्या अंगठ्याचं. एकेक नियम झाकायचा आणि कोणता झाकल्यावर फांदी जिवंत होते ते पाहायचं.

ही सवय तिच्या अंगात इतकी भिनलेली होती की तिच्याबरोबर बाहेर जायची सोय नव्हती. एकदा मलकापूरला कामाला गेलो आणि हॉटेलात बसलो. तिनं भिंतीवरचा बोर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि वेटरला विचारलं, "यातलं आज काय काय आहे?"

"मिसळ."

"अन् बाकीचं?"

"बाकीचं संपलं."

"कालही संपलं होतं?"

वेटर माझ्याकडे पाहू लागला. मी दोन मिसळ सांगितल्या. वाळक्या फांद्यांचं हॉटेल आहे, असं म्हणत ती खूष होऊन जेवली.

पण तिची खरी कामगिरी वडनेर भोलजीची. तिथल्या एका शेतकऱ्याचा मला फोन आला. "राजेहो, तुमच्या मोबाइलनं मले सकाळपासून कोंडून टाकलं. एक दाबलं का दुसरं इझते, दुसरं दाबलं का पहिलं इझते." त्याला रात्रीचं पाणी हवं होतं. आमच्याकडे शेतीची लाइन पाळीनं येते आणि पाळी रात्रीची असली की माणसाला अंधारात बांधावर उभं राहावं लागतं. पेटीनं आपोआप पाणी सोडलं तर तो घरी झोपू शकला असता. त्यानं रात्रीचं पाणी दाबलं की मोबाइल बॅटरी मागायचा. बॅटरी दाबली की सोलर मागायचा. सोलर दाबलं की रात्रीचं पाणी बंद.

ताईनं प्रोग्राम लावला. रात्रीच्या पाण्याची फांदी लाल झाली. जाहिरातीच्या कागदावर जी सोय आम्ही सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापली होती तीच वाळलेली, कोणालाच न मिळणारी.

मग साहेबांच्या खोलीत भांडण झालं. कारण नियम तिघांनी लिहिलेले होते. रात्रीच्या पाण्याला बॅटरी पाहिजे, हा माझा. लाइन मध्येच गेली की पेटी सगळं विसरते, हे मी बांधावर उभं राहून पाहिलेलं. बॅटरी फक्त सोलरच्या पेटीत, हा आमच्या वायरमनचा. लाइनच्या पेटीत बॅटरीला जागाच नव्हती. सोलरवर रात्रीचं पाणी देऊ नये, हा साहेबांचा. रात्री पंप ओढत नाही आणि शिव्या आपल्याला बसतात. जो तो आपापला नियम छातीशी धरून बसला. मी तर टेबलावर मूठ आपटली.

"तिघांचंही खरं आहे," ताई म्हणाली. "म्हणून तं एवढे दिवस दिसलं नाही. खोटा नियम लगेच डोळ्यात येते. हे तिन्ही खरे, अन् तिघांनी मिळून फांदी मारली." तिनं फळ्यावर माझा नियम झाकला, फांदी जिवंत. वायरमनचा झाकला, जिवंत. साहेबांचा झाकला, जिवंत. "कोणीही एक हटला तं जगते. आता कोण हटते ते तुम्ही ठरवा."

बराच वेळ कोणी हटेना. शेवटी वायरमन शिव्या घालत उठला आणि त्यानं लाइनच्या पेटीचा डबा बॅटरी मावेल एवढा मोठा केला. पुढे वडनेरचा शेतकरी स्वतः ताईला फोन करून म्हणाला, "ताई, काल रात्री मी घरी झोपलो, खाटेवर." ही गोष्ट ती पुढे कितीतरी दिवस येईल त्याला सांगत होती.

आता घरचं सांगतो. दुपारच्या जेवणाआधी ताई स्कूटी काढून घरी जायची आणि तासाभरानं यायची. आईच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं होतं. तिला कूस बदलून द्यायची, भरवायचं, औषध द्यायचं. वडील कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. त्यांना सगळे नाना म्हणत, तीही नानाच म्हणायची. नानांची नजर अधू झालेली, एकट्यानं गॅस पेटवायचीसुद्धा पंचाईत. ताई एकुलती एक. पुण्याला मोठ्या कंपनीत होती. आई पडली तेव्हा बॅग घेऊन आली आणि ती बॅग पुन्हा भरली गेली नाही.

तिच्या लग्नाची काळजी मात्र सगळ्या खानदानाला. मावशी म्हणायची, मुलगा पर्मनंट पायजे. आई जड जिभेनं म्हणायची, इथलाच पायजे. आत्या म्हणायची, वयानं मोठाच पायजे. पस्तिशी ओलांडलेल्या मुलीसाठी पर्मनंट नोकरीवाला, बुलढाण्याचा आणि आजवर कोणी पळवून न नेलेला माणूस शोधायला ही मंडळी निघाली होती. दर दोन-चार महिन्यांनी पाहुणे यायचे, पोहे खाऊन जायचे.

असेच एक पाहुणे येऊन गेल्यावर मी तिला चिडवलं, "ताई, तुह्या घरचं झाड एकदा फळ्यावर काढ. पाहू खोड कुठं आहे."

साहेब बाहेर गेले होते. ती हसत उठली आणि तिनं खरंच झाड काढलं. बुंधा म्हणजे लग्न. खाली नोकरी, गाव, वय. बाजूला मावशीचा नियम, आईचा नियम, आत्याचा नियम. आत्याचा झाकला तरी झाड वाळलेलंच. मावशीचा झाकला तरी तेच. मी म्हणालो, "तिघींचे झाकून टाक, कोणताही चालेल म्हण." तिनं तळहातानं तिन्ही झाकले आणि म्हणाली, "तरी नाही, भाऊ." मग तिनं वर, बुंध्याजवळ, दोन ओळी लिहिल्या. नाना-आई माझ्याजवळ राहतील. नाना लग्न झालेल्या लेकीच्या घरचं पाणी घेत नाहीत.

तुमच्यापैकी काहींना हे ठाऊक नसेल. आमच्याकडची जुनी माणसं दिलेल्या लेकीच्या घरी पाणी पीत नाहीत. मुलगी दिली की तिच्या घरचं खाणं पाप, असा हिशेब. आता फार कोणी पाळत नाही. मी स्वतः नागपूरला लेकीकडे जातो आणि पँट सैल करून परत येतो. पण नानांच्या वडिलांनी भर उन्हात लेकीच्या दारातून तहानलेलं परत येऊन हे पाळलं होतं आणि लहानग्या नानांनी ते बोट धरून पाहिलं होतं.

"लग्न नाही तवर मी घरची," ताई म्हणाली. "माह्या हातचं जेवतात, पाणी पितात. लग्न झालं का त्याच हातचं चालत नाही. मंग राजकुमार आणा नाही तं शिपाई आणा. वर बुंध्यातच वाळलं आहे अन् आम्ही खाली पानं मोजून राह्यलो."

मला त्या रिवाजाचा भयंकर राग आला. मी म्हणालो, "सांग ना मंग नानाले तोंडावर."

"त्यांनी जन्मभर मानलं थे कसं पुसू?"

"तं तुह्यी ओळ पुस. तूच काऊन अडकून राह्यली?"

"माह्यी?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला काही भलतंच करायला सांगितलं होतं. "आईले कूस कोण बदलून देईन?"

तिनं फळा स्वच्छ पुसला आणि जेवायला घरी गेली. मला त्या दिवशी डबा गेला नाही.

तरी मी गप्प बसणारा माणूस नाही. उंद्रीला आमचे एक गिऱ्हाईक होते, हायस्कूलचे मास्तर. बायको वारून काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही, थोडी शेती. पेटीच्या अडचणीसाठी ते ताईला फोन करायचे आणि फोन लांबायचा. एके दिवशी ती उड्या मारत माझ्याकडे आली. "भाऊ, उंद्रीच्या मास्तरांनी खोटी मर्जी पकडली! स्वतःहून!" तिचा चेहरा असा फुललेला मी आधी कधी पाहिला नव्हता. मी पुढच्याच फेरीत मास्तरांना सरळ विचारलं. मास्तर लाजले, पण होय म्हणाले. मी तिच्या आईवडिलांचं काढलं तर म्हणाले, "त्यांनी इथंच राहावं. एवढ्या घरात मी एकटा फिरून राह्यलो. मलेच सोबत होईन."

नानांना घर पाहायला तयार करणं सोपं नव्हतं. मी म्हणालो, "काही लोक लेकीच्या हातावर पैसे ठेवतात अन् पाणी पितात. तुम्हीही तसं करा."

"दोन दिवसांसाठी ठीक हाय हो," नाना म्हणाले. "जन्मभर लेकीच्या घरी खानावळ लावू?"

"तं जावईच आणा इथं."

"त्याची शाळा उंद्रीले, वावर उंद्रीले. त्याले घरजावई करून त्याची इज्जत घालवू?"

पण मास्तरांबद्दल ऐकून ऐकून त्यांनाही उत्सुकता लागली असावी. एका रविवारी आईजवळ शेजारीण बसवून नाना, ताई आणि मी माझ्या गाडीतून उंद्रीला गेलो. नानांनी परीटघडीचा पांढरा शर्ट घातला होता. मांडीवर एक कापडी पिशवी होती.

पाहुण्यांसाठी शेजारच्या घरातून आलेल्या मास्तरांच्या वहिनीनं ओसरीत पाण्याचा तांब्या आणि पेले आणले. नानांनी हात जोडले, पिशवीतून स्टीलची बाटली काढली आणि घरून आणलेलं पाणी प्यायले. चहालाही नको म्हणाले. मास्तर गोंधळले. त्यांनी घर दाखवलं. मागच्या दाराचा उंबरा फोडून त्यांनी सिमेंटचा उतार करून घेतला होता. "आईंच्या चाकाच्या खुर्चीसाठी," ते खाली पाहत म्हणाले. नाना वाकले आणि त्या उतारावरून हात फिरवून त्यांनी तो नीट चाचपला. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी होती. ती खिडकी उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती.

परतताना चिखलीच्या अलीकडे ताईनं मागच्या सीटवरून विचारलं, "नाना, अजून काही ठरलं नव्हतं. परक्याच्या घरचं पाणी तं चालते तुम्हाले. मंग बाटली कायले नेली?"

नाना समोर रस्त्याकडे पाहत होते. "थे घर आता परक्याचं नाही राह्यलं. माह्याकडून ठरलं, बेटा."

मी आनंदानं हॉर्नच वाजवला. वाजवला आणि मग डोक्यात प्रकाश पडला. नानांनी होकार दिला होता. पण ज्या घडीला त्यांनी ते घर लेकीचं मानलं, त्या घडीला तिथं राहणं त्यांना बंद झालं होतं. ताईला हे माझ्याआधी कळलं असणार. आरशात पाहिलं तर ती बाहेरच्या सोयाबीनकडे बघत होती.

चिखली गेली, तशी ती म्हणाली, "नाना, मले मुलगा पसंत नाही."

"काऊन? चांगला हाय की."

"लय बोलते थो."

मास्तर अख्ख्या दुपारात दहा वाक्यंही बोलले नसतील. नानांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. मग म्हणाले, "बरं. तुह्यी मर्जी." मास्तरांना मी काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही, एवढं सांगतो.

माझे गुडघे गेले, काम सुटलं आणि लेकीनं मला नागपूरला बोलावलं. निघायच्या आदल्या दिवशी मी ताईच्या घरी गेलो. मी तिला पाहिलं ते तेव्हाचंच शेवटचं. ती आत चहा ठेवत होती. आतल्या खोलीत आई झोपलेली. ओसरीत नाना आणि मी. मनात इतके दिवस साचलेलं मला आवरलं नाही. मी हळूच म्हणालो, "नाना, मास्तर तिला पसंत होते."

"माहीत हाय," नाना म्हणाले.

मी त्यांच्याजवळ सरकलो.

"डोळे गेले माहे, पण एवढे नाही गेले. त्या घरात खिडकी उघडून-लावून पाहत होती. जे घर आपलं वाटते, त्याचीच खिडकी बाई अशी पाहते." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "रोज सकाळी उठलो का वाटते, आज म्हणतो. चल पोरी, पितो तुह्या घरचं पाणी. तोंडापर्यंत येते अन् राहते. माहा बाप डोळ्यापुढं उभा राहते हो. मी काय करू?"

"मग निदान तिला सांगा की तुम्हाला ठाऊक आहे."

"नाही, नाही." ते एकदम घाबरले. त्यांनी माझा हात धरला. "तिनं माह्यासाठी सोडलं, हे मले समजलं असं तिले समजलं, तं तिले माह्यासमोर हसता येणार नाही. तिचं खोटं मले पटलं, असंच राहू द्या."

आतून कपांचा आवाज आला. नानांनी माझा हात सोडला, सरळ बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "तुम्हीच सांगा हो हिले! एवढी स्थळं आणली, पण हिले कोणी पसंतच पडत नाही."

ताई ट्रे घेऊन दारात आली होती. "हाव," ती म्हणाली, "माहे नखरेच लय हायेत."

दोघं हसले. चांगले खळखळून हसले. आतल्या खोलीतून आईनंही जड जिभेनं काहीतरी म्हटलं आणि तीही हसली. दोघांपैकी कोणी एकमेकांकडे पाहत नव्हतं, दोघं माझ्याकडे पाहत होते आणि मी हसायची वाट पाहत होते. मी हसलो आणि कप तोंडाला लावला. चहा जरा गोड झाला होता. तसं मी म्हणालो, आणि मग आम्ही तिघं साखरेबद्दल बोलत बसलो.